प्रयोगाची कृती हरित करायची तर सुरुवात वजनकाट्यापासून

कमी कचरा आणि कमी धोका होईल असं रसायनशास्त्र म्हणजे हरित रसायनशास्त्र; त्याची बारा तत्त्वं पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली मांडली. तेव्हापासून ती कित्येक प्रयोगशाळांच्या भिंतींवर तक्ता होऊन लटकली आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी भिंतीवरून खाली उतरलेलीच नाहीत. बारांपैकी सुरुवात कुठून करायची, हे तक्ता सांगत नाही. ‘कचरा होऊच देऊ नका’ हे पहिलं तत्त्व सगळ्यांनाच पटतं. पण हातातल्या कृतीत कचरा किती होतो आणि कुठल्या पायरीला होतो, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजल्यावर बहुतेक वेळा असं दिसतं की मुख्य अभिक्रिया तशी बरी आहे. खरा कचरा होतो तो तिच्या मागेपुढे: द्रावकांत, धुण्याच्या पाण्यात आणि ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून ओतलेल्या रसायनांत.

त्यामुळे इथे तत्त्वं एक ते बारा अशी ओळीने घेतलेली नाहीत. एक चालू कृती समोर ठेवून ती सुधारायची असेल तर काम ज्या क्रमाने करावं लागतं, तो क्रम धरला आहे.

आधी हिशेब

तीन आकडे काढायला शिका. पहिला अ‍ॅटम इकॉनॉमी, जो बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडला. हव्या त्या पदार्थाचं रेणुवस्तुमान भागिले सगळ्या अभिक्रियाकारकांच्या रेणुवस्तुमानांची बेरीज, गुणिले शंभर. समीकरणात सहगुणक असतील तर त्यांनी गुणायला विसरू नका. चूक नेहमी तिथेच होते. दुसरा ई-फॅक्टर, रॉजर शेल्डन यांचा: एकूण कचऱ्याचं वजन भागिले मिळालेल्या पदार्थाचं वजन. तिसरा आकडा म्हणजे आत गेलेल्या सगळ्या वस्तुमानाला मिळालेल्या पदार्थाच्या वजनाने भागणं. पाणी दोन्हीकडे धरलं असेल तर हा आकडा ई-फॅक्टरपेक्षा बरोबर एकने जास्त येतो. नाही आला, तर बेरजेत काहीतरी सुटलं आहे.

उदाहरण म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ, कारण ही कृती बहुतेकांनी एकदा तरी केलेली असते. सॅलिसिलिक आम्ल २ ग्रॅम, अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड ५ मिली, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्लाचे ५ थेंब. ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १५ मिनिटं. मग पाणी घालून थंड करायचं, गाळायचं, धुवायचं आणि इथेनॉल-पाण्यातून पुन्हा स्फटिक करायचे.

समीकरणावरून अ‍ॅटम इकॉनॉमी अशी निघते: सॅलिसिलिक आम्ल १३८.१२, अ‍ॅनहायड्राइड १०२.०९, बेरीज २४०.२१. अ‍ॅस्पिरिन १८०.१६. म्हणजे ७५ टक्के. उरलेला चौथा हिस्सा अ‍ॅसिटिक आम्ल म्हणून बाहेर पडतो. कागदावरचा ई-फॅक्टर त्यामुळे २५ भागिले ७५, म्हणजे ०.३३ इतकाच आहे.

आता वजनकाट्यावरचा हिशेब. अ‍ॅनहायड्राइडची घनता १.०८, म्हणून ५ मिली म्हणजे ५.४ ग्रॅम. फॉस्फोरिक आम्ल अंदाजे ०.४ ग्रॅम. इथेनॉल ६ मिली, म्हणजे ४.७ ग्रॅम. सॅलिसिलिक आम्ल धरून १२.५ ग्रॅम. पाणी अभिक्रिया थांबवायला ४० मिली, धुवायला २० मिली, स्फटिकांसाठी १५ मिली: एकूण ७५ ग्रॅम. समजा शेवटी हातात कोरडं अ‍ॅस्पिरिन १.८ ग्रॅम आलं. सैद्धांतिक उतारा (अभिक्रिया पूर्ण झाली तर मिळू शकणारा माल) २.६१ ग्रॅम, म्हणजे ६९ टक्के, वाईट नाही. पण ई-फॅक्टर पाणी सोडून ५.९ येतो आणि पाणी धरून ४७.६.

०.३३ आणि ४७.६ या दोन आकड्यांमधलं अंतर हाच सुधारणेचा वाव. समीकरण न बदलता, नवीन उत्प्रेरक न आणता त्यातला मोठा भाग भरून काढता येतो.

जास्तीचं ओतणं थांबवा

मोल काढून बघा. २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल म्हणजे १४.५ मिलिमोल. ५.४ ग्रॅम अ‍ॅनहायड्राइड म्हणजे ५२.९ मिलिमोल. एकास साडेतीनपेक्षा जास्त! लागतं एकास एक. जास्तीचं सगळं अ‍ॅनहायड्राइड नंतर पाण्याशी अभिक्रिया होऊन अ‍ॅसिटिक आम्ल बनतं आणि गाळलेल्या पाण्यातून निघून जातं.

मग थेट एकास एक का घेऊ नये? कारण या कृतीत अ‍ॅनहायड्राइड हाच द्रावकही आहे. फार कमी घेतलं तर मिश्रण लापशीसारखं घट्ट होतं, ढवळलं जात नाही, तळाशी न विरघळलेलं सॅलिसिलिक आम्ल अडकून राहतं. एकास दोनवर आणून पाहा: २.७ मिली, म्हणजे २.९ ग्रॅम. उत्पादन शुद्ध आहे का ते फेरिक क्लोराइडने तपासा. थोडे स्फटिक १ मिली इथेनॉलमध्ये विरघळवून १ टक्का द्रावणाचे एक-दोन थेंब टाका. जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक आम्ल शिल्लक आहे. रंग आला म्हणून लगेच अ‍ॅनहायड्राइड वाढवू नका. आधी पाच मिनिटं वेळ वाढवा आणि ढवळणं सुधारा. कितीतरी कृतींमध्ये जास्तीचं रसायन हे कमी ढवळण्याची भरपाई म्हणून आलेलं असतं.

पाण्याचंही तसंच. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे ३ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन विरघळतं. ६० मिली पाण्यात पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास माल जाऊ शकतो, आणि एकूण माल दोन ग्रॅमच्या आतबाहेर असताना हे नुकसान थोडकं नाही. बर्फात थंड केलेलं पाणी वापरा आणि प्रमाण कमी करा: थांबवायला १५ मिली, धुवायला ५ मिलीचे दोन हप्ते. थांबवताना पहिले २ मिली थेंबथेंब घाला. अ‍ॅनहायड्राइड पाण्याशी उष्णता सोडतं, मिश्रण उसळू शकतं आणि आम्लाची झोंबणारी वाफ येते. हे फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), चष्मा आणि हातमोजे घालून करायचं काम आहे.

स्फटिकांसाठी इथेनॉल ४ मिली आणि पाणी १० मिली धरलं, फॉस्फोरिक आम्लाचे ३ थेंब घेतले आणि माल तेवढाच, १.८ ग्रॅम, निघाला तर ई-फॅक्टर पाणी सोडून ३.६ आणि पाणी धरून २३ येतो. म्हणजे निम्म्याच्या जवळपास. स्फटिकीकरण करताना मिश्रण उकळत ठेवून गप्पा मारत बसू नका. गरम पाण्यात अ‍ॅस्पिरिनचं विघटन होऊन पुन्हा सॅलिसिलिक आम्ल तयार होतं आणि फेरिक क्लोराइड परत जांभळं दिसतं. विरघळलं की लगेच आचेवरून उतरवा.

द्रावक बदलताना

बहुतेक सेंद्रिय कृतींत वजनाने सगळ्यात मोठा वाटा द्रावकाचा असतो. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता द्रावक?’ हा नसून ‘लागतो का?’ हा आहे. दोन अभिक्रियाकारकांपैकी एक द्रव असेल तर पुष्कळदा वेगळा द्रावक लागत नाही. लागत असेल तर किती, हे ठरवा. जुन्या कृतींमध्ये दर ग्रॅमला २०–३० मिली द्रावक सर्रास लिहिलेला असतो; ५ ते १० मिलीवर काम भागतं का, हे छोट्या प्रमाणावर करून बघायला एक सकाळ पुरते.

त्यानंतर अदलाबदल. काही जोड्या आता चांगल्या रुळल्या आहेत. हेक्झेनऐवजी हेप्टेन: हेक्झेनचं शरीरात रूपांतर होऊन जे डायकीटोन तयार होतं ते मज्जातंतूंना इजा करतं, हेप्टेनबाबत हा धोका खूपच कमी. ध्रुवीयता जवळपास तीच, त्यामुळे टीएलसीमध्ये (पातळ थरावर मिश्रणातले पदार्थ वेगळे करून पाहण्याच्या चाचणीत) फारसा फरक पडत नाही. मात्र हेप्टेन ९८ अंशांना उकळतं, हेक्झेन ६९ अंशांना. म्हणजे उडवायला वेळ आणि ऊर्जा जास्त. बेन्झिनऐवजी टोल्युइन हे तर आता सांगायलाही नको. डायइथिल ईथरऐवजी टर्शरी ब्युटिल मिथिल ईथर: उकळणबिंदू ३५ वरून ५५ अंशांवर जातो आणि पेरॉक्साइड बनण्याची खोड बरीच कमी होते. टेट्राहायड्रोफ्युरानऐवजी २-मिथिल टेट्राहायड्रोफ्युरान: हे शेतीच्या अवशेषांपासून मिळणाऱ्या फरफ्युरालपासून बनवता येतं, आणि पाण्यात फारसं मिसळत नसल्यामुळे अभिक्रिया आणि निष्कर्षण (पाण्यातला माल द्रावकात ओढून घेणं) एकाच द्रावकात उरकतं. पेरॉक्साइड मात्र यातही बनतात. वनस्पतीपासून आलं म्हणून बाटली उघडल्याची तारीख लिहायची नाही, पेरॉक्साइडची पट्टी बुडवायची नाही, असं चालत नाही.

डायक्लोरोमिथेनच्या जागी इथाइल अ‍ॅसिटेट हा बदल सगळ्यात जास्त केला जातो आणि सगळ्यात जास्त फसतो. कारणं तीन. डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड, म्हणून सेपरेटिंग फनेलमध्ये खाली बसतं. इथाइल अ‍ॅसिटेट हलकं, वर तरंगतं. हाताला जुनी सवय असली की खालचा थर ठेवला जातो आणि माल असलेला वरचा थर ओतून दिला जातो. शेवटचं वजन होईपर्यंत कुठलाही थर फेकू नका. दुसरं म्हणजे, १०० मिली पाण्यात इथाइल अ‍ॅसिटेट सुमारे ८ ग्रॅम विरघळतं, आणि त्याच्या थरातही थोडं पाणी राहतं. म्हणून शेवटी मिठाच्या संपृक्त द्रावणाने एकदा धुवून मगच सोडियम सल्फेट टाका, नाहीतर ते मूठभर लागेल. तिसरं, तीव्र आम्लारी असेल तर इथाइल अ‍ॅसिटेट तुटतं आणि अमाइन त्याच्याशी अभिक्रिया करू शकतात. अशा ठिकाणी ते चालणार नाही.

डायमिथिल फॉर्मामाइडला सरसकट पर्याय नाही. प्रजननाला घातक म्हणून ते काढलं आणि त्याजागी एन-मिथिल पायरोलिडोन आणलं, तर धोका तोच राहिला, फक्त बाटलीवरचं लेबल बदललं. बदली रसायनाचं सुरक्षा पत्रक मूळ रसायनाच्या पत्रकाशेजारी ठेवून ओळीने वाचा.

आणि पाणी? पाणी हा स्वस्त, न जळणारा, बिनविषारी द्रावक खरा. पण त्यातून माल काढायला तिप्पट इथाइल अ‍ॅसिटेट ओतावं लागत असेल, किंवा शेवटी सेंद्रिय पदार्थ मिसळलेलं लिटरभर पाणी शुद्धीकरणासाठी उरत असेल, तर कृती हरित झाली असं म्हणता येणार नाही. पाण्यातून माल आपोआप स्फटिक होऊन बाहेर पडत असेल तरच तो सौदा फायद्याचा.

निष्कर्षण: तेवढ्याच कामाला कमी द्रावक

इथे थोडं गणित उपयोगी पडतं. समजा १०० मिली पाण्यात माल आहे आणि द्रावक व पाणी यांच्यातलं वितरण गुणोत्तर ३ आहे, म्हणजे द्रावकातली मालाची संहती पाण्यातल्या तिप्पट असते. १०० मिली द्रावक एकदम वापरला तर ७५ टक्के माल निघतो. तोच द्रावक ५०-५० करून दोनदा वापरला तर ८४ टक्के. तीन समान भागांत वापरला तर साडेसत्त्याऐंशी टक्के. उलटं पाहा: २० मिलीचे तीन हप्ते, म्हणजे फक्त ६० मिली द्रावक, तेवढ्यातही सुमारे ७५ टक्के निघतात. चाळीस मिली द्रावक केवळ हप्ते पाडल्याने वाचला. गाळणीवरचे स्फटिक धुतानाही हेच लागू होतं. एक मोठा घोट ओतण्यापेक्षा दोन छोटे बरे, आणि प्रत्येक वेळी आधीचं पूर्ण ओढून घेतल्यावरच पुढचा ओता.

स्तंभ क्रोमॅटोग्राफी (सिलिका भरलेल्या नळीतून द्रावक सोडून मिश्रण वेगळं करणं) ही हिशेबातली सगळ्यात जड पायरी. एका ग्रॅम मिश्रणासाठी ३०–५० ग्रॅम सिलिका आणि अर्धा-एक लिटर द्रावक सहज लागतो. शंभर टक्के अ‍ॅटम इकॉनॉमी असलेल्या अभिक्रियेनंतर असा स्तंभ चालवला तर त्या शंभर टक्क्यांना फारसा अर्थ राहत नाही. स्तंभ भरण्याआधी स्फटिकीकरणाची चाचणी घ्या: छोट्या परीक्षानळ्यांत प्रत्येकी ५० मिलिग्रॅम कच्चा माल, प्रत्येकीत वेगळा द्रावक ०.५ मिली. थंड असताना विरघळत नाही, गरम केल्यावर विरघळतो आणि पुन्हा थंड केल्यावर स्फटिक येतात, असा द्रावक सापडला की स्तंभाची गरज बहुधा उरत नाही.

रसायनच बदलायचं असेल तेव्हा

अल्कोहोलपासून कीटोन बनवण्याच्या ऑक्सिडेशनमध्ये फरक ठळक दिसतो. सायक्लोहेक्झॅनॉलपासून सायक्लोहेक्झॅनोन बनवायला सोडियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल वापरलं तर अ‍ॅटम इकॉनॉमी जेमतेम ३१ टक्के. सोडियम हायपोक्लोराइट वापरलं तर ५६, हायड्रोजन पेरॉक्साइडने ७३ टक्के. पण इथे टक्क्यांपेक्षा कचरा कशाचा आहे हे महत्त्वाचं. पहिल्या पद्धतीत क्रोमियमचे क्षार उरतात, आणि न वापरलं गेलेलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक असतं. दुसरीत मीठ उरतं, तिसरीत पाणी. ई-फॅक्टरला हा फरक दिसत नाही, एक ग्रॅम मीठ आणि एक ग्रॅम क्रोमियम त्याच्या लेखी सारखंच. त्यामुळे वजनाच्या तक्त्यात शेवटी एक रकाना ‘हे कुठे जाणार?’ असा ठेवा.

नव्या पद्धतीचे धोकेही वेगळे असतात. हायपोक्लोराइट आणि अ‍ॅसिटिक आम्ल एकत्र आले की क्लोरीन सुटू शकतो; म्हणून हूडमध्ये, बर्फाच्या पात्रात ठेवून, हायपोक्लोराइट हळूहळू घालायचं. बाटली जुनी असेल तर त्यातला क्लोरीन कमी झालेला असतो आणि अभिक्रिया अर्धवट राहते. शेवटी स्टार्च-आयोडाइडची पट्टी निळी झाली तर जास्तीचं हायपोक्लोराइट शिल्लक आहे. पट्टी पांढरी राहीपर्यंत सोडियम बायसल्फाइटचं द्रावण थोडंथोडं घाला. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणाऱ्या बाकावर अ‍ॅसिटोनची धुण्याची बाटली ठेवू नका. दोघांपासून, विशेषतः आम्ल असताना, स्फोटक पेरॉक्साइड बनतं.

संरक्षक गट (रेणूचा एखादा भाग अभिक्रियेपासून तात्पुरता झाकणारा गट) लावणं आणि काढणं म्हणजे दोन जादा पायऱ्या, दोन वेळा द्रावक, दोन वेळा मालाची घट. क्रम बदलून तो गट टाळता येतो का, हे आधी कागदावर बघा. पायऱ्या कमी केल्याने काय होतं हे आयबुप्रोफेनने दाखवलं आहे: जुनी पद्धत सहा पायऱ्यांची आणि सुमारे ४० टक्के अ‍ॅटम इकॉनॉमीची, नंतरची उत्प्रेरकांवर आधारलेली पद्धत तीन पायऱ्यांची आणि ७७ टक्क्यांची.

वीज, पाणी आणि वेळ

रिफ्लक्सच्या (द्रावक उकळत ठेवून त्याची वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणण्याच्या) कंडेन्सरमधून वाहणारं पाणी कोणी मोजत नाही. मोजपात्र लावून मिनिटभर धरा. मिनिटाला १ लिटर असेल तर चार तासांत २४० लिटर स्वच्छ पाणी गटारात गेलं. पंप लावून तेच पाणी फिरवा. टोल्युइनसारखा १०० अंशांच्या वर उकळणारा द्रावक असेल तर लांब हवेचा कंडेन्सरही चालू शकतो. वाफेचं वलय कंडेन्सरच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातच राहिलं पाहिजे. वर चढलं तर आच कमी करा.

‘रात्रभर ढवळा’ हे वाक्य पुष्कळदा रसायनाची गरज म्हणून नाही, तर कृती लिहिणाऱ्याची घरी जायची वेळ झाली म्हणून आलेलं असतं. दर १५–२० मिनिटांनी टीएलसी घ्या आणि सुरुवातीचा पदार्थ संपला की थांबा. वीज वाचतेच, शिवाय जास्त वेळ तापवल्याने होणारी दुय्यम अभिक्रियाही टळते.

साठा कमी

धोकादायक मध्यस्थ पदार्थ लागणारच असेल तर तो लागेल तेवढाच, लागेल तेव्हाच बनवा. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळला एका टाकीत मिथिल आयसोसायनेट सुमारे ४० टन साठवलेलं होतं. कीटकनाशक बनवताना मधल्या पायरीत लागणारा तो पदार्थ होता, विकायचा माल नव्हता. बनल्याबरोबर पुढच्या पायरीत वापरला गेला असता तर एवढा साठा तिथे असायचं कारणच नव्हतं. बाकावर याचा अर्थ छोटा: डायअ‍ॅझोनियमचं द्रावण पुढच्या तासासाठी जपून ठेवू नका, आणि मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून पाच वर्षांचा साठा मागवू नका. मुदत संपलेली अर्धी बाटली हाही कचराच, आणि तो कुठल्याच कृतीच्या ई-फॅक्टरमध्ये दिसत नाही.

सुधारणा कुठे उलटते

द्रावक कमी केला की अभिक्रियेची उष्णता शोषायलाही कमी द्रव उरतो. ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये जे सहज निभावतं ते मोठ्या भांड्यात निभावेलच असं नाही: भांड्याची मापं दहापट केली तर आकारमान हजारपट वाढतं, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच. म्हणून द्रावक आणि प्रमाण एकाच वेळी बदलू नका. आधी छोट्या प्रमाणावर तापमापी आत ठेवून, एक रसायन थेंबथेंब घालत, तापमान किती अंशांनी चढतं ते नोंदवा. मग एका वेळी दुप्पट-तिप्पट करत वर जा.

तुलना करताना दोन्ही कृतींची हद्द सारखी ठेवा. एकीत पाणी धरलं आणि दुसरीत सोडलं, तर कुठलीही कृती सुधारलेली दिसते. भांडी धुवायला लागणारं अ‍ॅसिटोनही लिहा. दुसऱ्या उद्योगांचे आकडे बघून हबकू नका: शेल्डन यांच्या १९९२ च्या तक्त्यात तेल शुद्धीकरणाचा ई-फॅक्टर ०.१ च्या आसपास आणि औषधनिर्मितीचा २५ ते १०० च्या पुढे होता, कारण तिथे रेणू गुंतागुंतीचे आणि पायऱ्या जास्त. तुलना आपल्याच जुन्या कृतीशी करायची. प्रत्येक बदल किमान तीनदा करून पाहा. एकदाच चांगला आलेला उतारा ओल्या स्फटिकांचंही वजन असू शकतं. वजन स्थिर होईपर्यंत वाळवल्याशिवाय वहीत आकडा लिहू नका.

उरलेल्या कचऱ्याच्या बाटल्या

कितीही कमी केला तरी थोडा कचरा उरतो. क्लोरीनयुक्त द्रावक वेगळ्या बाटलीत, बाकीचे सेंद्रिय द्रावक वेगळ्या. एकत्र केले तर सगळाच कचरा महागड्या विल्हेवाटीचा होतो आणि इथाइल अ‍ॅसिटेट किंवा हेप्टेन ऊर्ध्वपातनाने परत मिळवायची संधी जाते. परत मिळवलेला द्रावक फक्त धुण्यासाठी वापरा, किंवा रिफ्रॅक्टोमीटरने (अपवर्तनांक मोजणाऱ्या उपकरणाने) शुद्धता तपासून मग अभिक्रियेत घ्या. पेरॉक्साइड बनवणारे ईथर ऊर्ध्वपातनाआधी पट्टीने तपासा आणि फ्लास्क कोरडा पडू देऊ नका. नायट्रिक आम्ल सेंद्रिय कचऱ्याच्या बाटलीत कधीही ओतू नका. वायू तयार होऊन बंद बाटली फुटते. बाटली चार-पंचमांशापेक्षा जास्त भरू नका, आणि लेबलवर नुसतं ‘वेस्ट’ न लिहिता प्रत्येक घटकाचं नाव, अंदाजे टक्केवारी आणि पहिल्यांदा ओतल्याची तारीख लिहा.